सुपरमार्केटच्या जागेतलं कॉलेज: एक टर्म शिकून झाल्यावर

आधी अंतर सांगते, कारण या कॉलेजबद्दलचं माझं सगळं मत त्या अंतरावरच उभं आहे.

आमचं गाव इलिनॉय राज्यात, शिकागोच्या दक्षिणेला तीन तासांवर. चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन, मध्ये एक सिग्नल, धान्य साठवायचं एक उंचच उंच कोठार, ज्याला इथे एलेव्हेटर म्हणतात, आणि पंचवीस खाटांचं हॉस्पिटल. नवरा त्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. इथे शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरनं डॉक्टरांची चणचण असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं, तर मायदेशी परतण्याची अट माफ होते. १९९४ पासूनचा कायदा आहे हा, आणि त्याच्यापायी अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत येऊन पडलेली आपली पुष्कळ घरं आहेत. आमची तीन वर्षं केव्हाच सरली. आम्ही मात्र अजून इथेच आहोत, ग्रीन कार्डाच्या रांगेत, मक्याकडे बघत.

आमच्या भागाचं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं आणि कामाचे छोटे कोर्स शिकवणारं स्थानिक कॉलेज, ४५ मैलांवर. आपल्या हिशेबात कराड ते कोल्हापूर. रस्ता सरळ आहे, गर्दी नाही, उन्हाळ्यात पाऊण तासात पोचता येतं. पण जानेवारीत उघड्या शेतांवरून वारा बर्फ ढकलत आणतो आणि पाच मिनिटांपूर्वी दिसणारा रस्ता नाहीसा होतो. तीन वर्षांपूर्वी मी तिथे संध्याकाळच्या अकाउंटिंगच्या वर्गाला नाव घातलं होतं. तिसऱ्याच आठवड्यात गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर लावून बाहेर काढली, पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "एवढ्या रात्री कुठे निघाला होतात?" कॉलेजला, म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या दिवशी मी नाव काढून घेतलं.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याच कॉलेजने आमच्या गावात नवा कॅम्पस उघडला. घरापासून नऊ मिनिटं. मी पहिल्याच टर्मला नाव घातलं आणि आता टर्म संपलीये, म्हणून हे लिहितेय. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाव एवढं लहान आहे की नाव लिहिलं तर कुठली तक्रार कुठल्या टेबलाबद्दल आहे हे सगळ्यांना कळेल, आणि त्या टेबलामागच्या बाईंशी माझी दर रविवारी दुकानात गाठ पडते.

कॅम्पस म्हटल्यावर हिरवळ आणि घंटाघर डोळ्यांपुढे येत असेल तर ते विसरा. गावातलं एकुलतं एक मोठं सुपरमार्केट बंद पडून इमारत ओसाड होती, तीच कॉलेजने घेतली. काम चांगलं केलंय. छत उंच, उजेड भरपूर. मागच्या बाजूला ट्रक लागायचे त्या धक्क्यापाशी वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, म्हणजे लोखंड थेट दारात उतरतं. पैसे घ्यायचे काउंटर होते तिथे आता प्रवेशाचं टेबल. फरशीवर मात्र जुन्या रांगांचे पट्टे पुसट दिसतात आणि गावकरी अजून पत्ता तसाच सांगतात. पहिल्या दिवशी मी वर्ग शोधत होते तर एक आजोबा म्हणाले, "नर्सिंग? फ्रोझन फूडमध्ये." खरोखरच जिथे मी चार वर्षं वाटाण्याची पाकिटं घेतली, तिथे आता सहा पलंग आणि सहा रबरी पुतळे आहेत.

मी केला तो कोर्स नर्स असिस्टंटचा. या राज्यात त्याला किमान १२० तास लागतात, ८० वर्गातले आणि ४० प्रत्यक्ष रुग्णांजवळचे. फी इथल्या रहिवाशांना एका क्रेडिटला दीडशे डॉलरच्या आतबाहेर. पुस्तक, गणवेश, बोटांचे ठसे, क्षयाची तपासणी धरून मला एकूण साडेचौदाशे डॉलर पडले. विद्यापीठांच्या मानाने हे काहीच नाही. सरकारी पेल ग्रँट बसणाऱ्यांना तर खिशातून फारसं जात नाही, पण ती नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. आमच्यासारख्या व्हिसावाल्यांनी तो फॉर्म भरण्यात वेळ घालवू नये.

व्हिसावाल्यांसाठी आणखी एक. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. हे मला माहीत होतं, प्रवेशाच्या संगणकाला नव्हतं. 'अमेरिकेबाहेर जन्म' एवढं वाचून त्याने मला परदेशी विद्यार्थ्यांत टाकलं आणि तिपटीच्या वर बिल काढलं. गावच्या टेबलावरच्या बाईंना चूक लगेच कळली, पण दुरुस्त करण्याचा अधिकार मुख्य कॅम्पसला. तिथे फोन केला की ते म्हणत, तुमच्या कॅम्पसला विचारा. तीन आठवडे हे चाललं. शेवटी बाईंनीच माझे घराचे कागद, घरपट्टीची पावती, सगळं एका पाकिटात घातलं आणि शुक्रवारी पुस्तकं घेऊन जाणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. सोमवारी बिल बदललं. फोनने जे तीन आठवड्यांत झालं नाही ते व्हॅनने एका शनिवार-रविवारात केलं. पंचायत समितीत फाइल हातोहात नेणारा माणूस लागतो, तसंच.

घरपट्टीच्या त्या पावतीवर एक ओळ कॉलेजची असते. इलिनॉयमध्ये ही कॉलेजं बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करातून चालतात. १९६५ च्या कायद्याने राज्यभर त्यांचे जिल्हे आखले गेले, आज असे ३९ जिल्हे आहेत. म्हणजे आमच्या भागातले शेतकरी कित्येक वर्षं दर एकरामागे त्या दूरच्या इमारतींचे पैसे भरत होते आणि पोरं तिकडे जात नव्हती, कारण कोण जाणार. उद्घाटनाच्या दिवशी भाषणं झाली, फीत कापली, कुकीज वाटल्या. शेजारचे म्हातारे शेतकरी कुकी हातात घेऊन म्हणाले, "माझ्या आयुष्यातली सगळ्यात महाग कुकी."

आता शिकवण्याबद्दल, आणि इथे मी हात राखून लिहिणार नाही. आमच्या मॅडम निवृत्त नर्स. आयुष्य वॉर्डात गेलेलं. पहिले दोन तास त्यांनी फक्त हात धुवायला शिकवलं. मला हसू आलं, मी डॉक्टरच्या घरातली. आणि पहिल्याच चाचणीत नापास झाले ती मीच. हात नीट धुतले, पुसले, आणि सवयीने ओल्या नळाची तोटी त्याच स्वच्छ हाताने बंद केली. कागदी रुमालाने धरून बंद करायची असते. "पुन्हा," एवढंच म्हणाल्या. नाडी मोजताना पूर्ण मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. त्या दुसऱ्या मनगटावर बोट ठेवून बसत आणि त्यांच्या आकड्याशी चार ठोक्यांहून जास्त फरक आला की पुन्हा. पलंगावरच्या माणसाला न उठवता चादर बदलायची, अर्धं अंग लुळं असलेल्याला सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, चालवताना कमरेला पट्टा बांधून मागून कसं धरायचं. माझ्या आजेसासऱ्यांना पक्षाघात झाला होता तेव्हा आम्ही चार माणसं मिळून त्यांना सदरा घालायचो आणि ते ओरडायचे. आधी कोणता हात, एवढंच कळायला हवं होतं.

आणि सगळ्याच्या आधी: दार वाजवा, स्वतःचं नाव सांगा, काय करणार ते सांगा, मगच अंगाला हात लावा. रबरी पुतळ्यालाही आम्ही दहा आठवडे नाव सांगत होतो.

वर्गात आम्ही अकरा जण. धान्याच्या एलेव्हेटरवर काम करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा, एका कारखान्यातून कमी केलेल्या पन्नाशीच्या बाई, दोन शेतकरणी, हायस्कूलच्या दोन मुली. सकाळी कॅम्पस हायस्कूलच्या पोरांचा असतो. पिवळी बस त्यांना सोडते, ती शाळेत असतानाच कॉलेजची क्रेडिट मिळवतात. संध्याकाळ आम्हा मोठ्यांची. ऑक्टोबरमध्ये सुगी आली आणि वर्ग अर्ध्यावर आला. कंबाइन रात्री अकरापर्यंत चालतात, घरातला प्रत्येक माणूस लागतो. मुख्य कॅम्पसचा नियम असा की तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कापायचं, आणि राज्याच्या नियमाने १२० मधला एक तासही कमी चालत नाही. मॅडमनी तासही बुडू दिले नाहीत आणि नावही कापलं नाही. पाऊस पडून शेतं भिजली की त्या सकाळी सहाला मेसेज टाकायच्या: आज शेत बंद, वर्ग चालू. संध्याकाळी सात वाजता सगळे पलंगांपाशी हजर. मी तेव्हाच मनात कॅम्पसला एक तारा वाढवला.

प्रत्यक्ष कामाचे चाळीस तास गावच्याच वृद्धाश्रमात झाले. तिथल्या माणसांबद्दल लिहायचं नाही असं आम्ही सही करून दिलंय, म्हणून एवढंच सांगते: नोव्हेंबरात सगळी शेतं रिकामी झाल्यावरही मला रोज कोणी ना कोणी विचारायचं, मका केवढा झालाय. पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गुडघ्याएवढा म्हणायला लागले.

शिकागोच्या मंडळाच्या गणपतीला गेलो होतो तेव्हा मात्र एक मजा झाली. एका ओळखीच्या वहिनींनी विचारलं, "सध्या काय करतेस गं?" म्हटलं, कॉलेजला जाते. चेहरा उजळला. "अगं वा! मास्टर्स?" नाही, नर्स असिस्टंट. "म्हणजे पुढे नर्स होणार?" होईनही, पण सध्या तरी नर्सच्या हाताखाली. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग मोदक यंदा विकतचे आहेत की घरचे, याविषयी बोलू लागल्या. नवऱ्याला गाडीत सांगितलं तर तो म्हणाला, रात्री तीन वाजता मला नर्स असिस्टंट मिळाली नाही तर वॉर्ड चालत नाही, मास्टर्सवाले नसले तरी चालतो. हे त्याने मंडळात सांगायला हवं होतं, पण असो.

आता उण्या बाजू. सोयी यथातथाच. पार्किंग मोप आणि फुकट, पण बस नाही, गाडी नसेल तर कॅम्पस तुमच्यासाठी ४५ मैलांवरच आहे. कँटीन नाही, दोन मशिनं आहेत, त्यातलं एक नोटा घेत नाही. मी डबा नेते. पहिल्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये मेथीची भाजी गरम केली तेव्हा जरा धाकधूक होती. एलेव्हेटरवाल्या पोराने काय आहे विचारलं, आणि ख्रिसमसपर्यंत मी दोघांच्या पोळ्या नेत होते. पाळणाघर नाही, ही खरी मोठी उणीव. वर्गातली एक मुलगी केवळ त्यासाठी पाचव्या आठवड्यात गेली. लायब्ररी म्हणजे दोन कपाटं, बाकी पुस्तकं मंगळवारी आणि शुक्रवारी व्हॅनने येतात. वायफाय मात्र अव्वल. इतकं की रात्री नऊनंतर इमारत बंद झाल्यावरही पार्किंगमध्ये सात-आठ गाड्या उभ्या असतात, आतल्या दिव्यात माणसं लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. शेतांवरच्या घरांत इंटरनेट धड पोचत नाही. कॉलेजने दिवे बंद करायचे सोडून तिथे दोन खांब जास्त लावले, हे बरं केलं.

कॅमेऱ्यावरच्या वर्गांपासून दूर राहा. मी मानसशास्त्राचा एक घेतला. शिक्षक मुख्य कॅम्पसला, तिथे वीस जण समोर, आणि आम्ही चौघं इथे भिंतीवरच्या टीव्हीपुढे. तिकडे विनोद झाला की दोन सेकंदांनी आम्ही हसायचो. हात वर केला तर त्यांना दिसायचा नाही. एकदा त्यांनी गट पाडायला सांगितले आणि आम्हाला विसरून गेले; आम्ही चाळीस मिनिटं त्यांचं रिकामं टेबल बघत बसलो. शिक्षक वाईट नव्हते, पण आपण कुणाच्या तरी खिडकीतून डोकावतोय असं वाटत राहायचं. फी मात्र तेवढीच.

सर्वांत मोठी तक्रार अजून राहिलीच. मला पुढे नर्सिंगला जायचं तर आधी शरीररचनेचा कोर्स हवा. तो या टर्मला आमच्या कॅम्पसवर लावला होता. मी पहिल्या दिवशी नाव घातलं, पुस्तक घेतलं. वर्ग सुरू व्हायच्या दोन दिवस आधी ईमेल आला: पुरेशी नावं नाहीत, वर्ग रद्द, मुख्य कॅम्पसला जागा शिल्लक आहेत. किमान दहा लागतात, सहा होती. त्या सहांतली एकही जण मुख्य कॅम्पसला गेली नाही. जाता आलं असतं तर आधीच गेली असती की.

तो ईमेल वाचून मला आमची सकाळची गाडी आठवली. रहिमतपूरजवळच्या आमच्या वाडीतून साताऱ्याला कॉलेजला जायला एकच एसटी होती, वस्तीची, सहा चाळीसची. आम्ही सात पोरी तिच्यावर बी. कॉम. झालो. मधे एक वर्ष प्रवासी कमी म्हणून ती फेरी बंद केली. मग दोघींनी कॉलेज सोडलं. मग पुढल्या वर्षी प्रवासी आणखी कमी झाले, आणि बंद केलं ते बरोबरच होतं असं कागदावर सिद्ध झालं. गाडी परत सुरू झाली ती आमच्या आजोबांनी आणि गावातल्या चार म्हाताऱ्यांनी डेपोत जाऊन ठाण मांडल्यावर. आजोबा रयतच्या वसतिगृहात शिकलेले. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काल्याला संस्था काढली ती शाळा पोरांच्या गावाकडे न्यायला, आणि वसतिगृहात पोरं हातांनी काम करून शिकत. आजोबा विहीर खणून मॅट्रिक झाल्याचं सांगायचे. इथल्या कॉलेजांचा उगमही असाच साधा आहे. जोलिएट गावच्या हायस्कूलमध्ये १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर पहिलं सुरू झालं. सहा! आमच्या रद्द झालेल्या वर्गातही सहाच होते. मी हे कॉलेजच्या अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये लिहिलं. उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.

नव्या कॅम्पसला पहिली दोन-तीन वर्षं तरी ही दहाची अट लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा माणसं एका रात्रीत तयार होत नाहीत. मागच्या वर्षी वर्ग झाला होता, तो पास झालेली शेजारीण दिसते, तिने नोकरी धरलेली दिसते, मग तिची जाऊ नाव घालते. मध्ये एक टर्म रद्द झाली की ती साखळी तुटते. आणि रद्द करायचाच तर पंधरा दिवस आधी करा, सुट्ट्या मागून, पोरांची सोय लावून बसलेल्या माणसांना दोन दिवस आधी ईमेल पाठवू नका.

कुणी जावं? नर्स असिस्टंट, वेल्डिंग, ट्रकचं लायसन्स, जे समोर उभं राहून शिकवतात ते डोळे मिटून घ्या. वेल्डिंगवाल्यांचं मी नुसतं बघितलंय, पण पोरांना टर्म संपायच्या आत नोकऱ्या लागल्या. पदवीची पहिली दोन वर्षं इथे करून विद्यापीठात जायचा बेत असेल तर विषय निवडताना ते क्रेडिट पुढे धरतात का, ते लेखी घ्या. राज्याची तशी यादी आहे, सल्लागार विचारल्याशिवाय दाखवत नाही. सल्लागार आठवड्यातून एकच दिवस येतो, बुधवारी, आणि दहालाच त्याचे सगळे तास भरतात. सव्वानऊला जाऊन बसा.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा कॅमेऱ्याच्या टीव्हीचा कापला, एक शरीररचनेचा. पाळणाघराचा कापायला हवा होता, पण तो मॅडमच्या पावसाळी मेसेजांनी भरून निघाला.

मी राज्याची परीक्षा डिसेंबरात दिली, पास झाले, आणि वृद्धाश्रमातच आठवड्याला तीन संध्याकाळी काम करते. शरीररचना पुढच्या टर्मला पुन्हा लावलीये. या वेळी मी ईमेलची वाट बघत बसले नाही. एलेव्हेटरवाल्या पोराला गाठलं, त्याने बहिणीला ओढलं. वृद्धाश्रमातल्या दोघींना मी स्वतः टेबलापाशी नेलं. चर्चच्या नोटीस बोर्डावर कागद लावलाय. नोंदणी बंद व्हायला बारा दिवस आहेत आणि आज सकाळी बाईंनी यादी दाखवली तेव्हा आठ नावं होती.